निमंत्रितांनी जांभळा टाळावा

३ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तोवर शिल्लक राहिले तर.

तुझं पाकीट आज सकाळी मिळालं. आत निमंत्रण होतं, जाड कागदाचं, कडेने जांभळी रेघ ओढलेलं. नगरमंडळाचा नवा सभासद म्हणून तुझा शपथविधी, आणि त्या दिवशी तुझ्या खांद्यावर जांभळा झगा चढणार. वाचून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. त्याखाली मऊ कागदात गुंडाळलेली पांढऱ्या हातमोज्यांची जोडी होती आणि तुझी चिठ्ठी: 'आईसाठी. सभागृहात गारठा असतो.'

अरे, सोहळा ऐन उन्हाळ्यात आहे. कसला गारठा?

आईने मोजे हातात घेऊन उलटेपालटे केले, एक घालून पाहिला आणि म्हणाली, "मापाचे आणलेत हो पोराने. माझ्या हाताचं माप लक्षात आहे त्याच्या." तिला खरंच आनंद झाला होता. मग मी चिठ्ठी वाचून दाखवली. तिने मोजा काढला, नीट जोडीला ठेवला, आणि दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले. कापड रंगवायच्या आपल्या रंगशाळेत इतकी वर्षं एकत्र उभं राहतोय आम्ही, पण आईला हात लपवताना मी आज पहिल्यांदा पाहिलं. हे पत्र त्या एका गोष्टीसाठी आहे. बाकी सगळा फापटपसारा.

तिचे हात कसे आहेत ते तुला माहीत आहे. कोपरापर्यंत निळसर, नखांच्या मुळाशी तांबूस, आणि जिथे दोन्ही रंग एकमेकांत शिरलेत तिथे जांभळे. कितीही घासले तरी जात नाहीत. त्याच हातांनी तुला घास भरवलेत, आणि तेव्हा तू कधी गारठ्याची तक्रार केल्याचं मला आठवत नाही. हात दाखवून अवलक्षण नको, असं वाटलं असेल तुला. रंगवलेले झगे न्यायला येणारा मंडळाचा शिपाई भोळा आहे, सगळं सांगतो. तू म्हणे तिथे 'आमचा कापडाचा व्यवसाय आहे' असं सांगतोस. व्यवसाय! उकळत्या पातेल्यात काठी फिरवून फिरवून तिचा खांदा उतरलाय.

निमंत्रणाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे, तुझ्या लक्षात आली असेलच. 'निमंत्रितांनी जांभळा रंग टाळावा.' म्हणजे तो फक्त सभासदांनी घालायचा. मंडळाचा हा नियम पणजोबांच्या काळापासूनचा, आणि आपल्या पणजोबांनी भीतीपोटी त्याला आपलं शेपूट जोडलं: रंगवणाऱ्याच्या घरात जांभळा घालायचा नाही, गिऱ्हाइकाला वाटायला नको की त्याच्या मालातून आपण कापून घेतलं. आई या घरात आली तेव्हापासून तुमचे झगे रंगवते आहे. त्या रंगाचा रुमालसुद्धा तिच्याकडे नाही.

दुपारी ती निळीच्या हौदावर वाकली होती. वर न बघताच म्हणाली, "मी जाणार आहे त्याच्या सोहळ्याला."

"जा की. तुझाच मुलगा आहे."

"जांभळं घालून जाणार आहे."

मी हातातलं कापड खाली ठेवलं. ती पुढे म्हणाली, "एकदाच घालीन. पण त्याच दिवशी घालीन."

तेव्हा आता ऐकून ठेव. शेंडी तुटो की पारंबी, आई त्या सभागृहात जांभळं घालून बसणार. मोजे सध्या निळीत आहेत. इतकी पांढरी वस्तू हातात आली की आम्हा दोघींच्यानं राहवत नाही.

तुझी ताई

*

२१ मार्च

धाकट्या,

चार पानं लिहिलीस! बाबा गेले तेव्हासुद्धा दोनच ओळी आल्या होत्या. म्हणजे तुला लिहिता येतं, हे कळलं.

तू लिहितोस, 'ताई, हा नुसता रंग नाही. त्याला इतिहास आहे, त्याग आहे, प्रतिष्ठा आहे. राजांनी आणि धर्मगुरूंनी तो धारण केला आहे. त्याची शान सांभाळणं आमचं कर्तव्य आहे.' मी हे सगळं रंगशाळेत मोठ्याने वाचलं. आपल्या शेजारच्या ग्रंथपालबाई, आता निवृत्त झाल्यात, दुपारच्या आमच्याकडे येऊन बसतात आणि आम्ही कापड पिळत असताना काहीबाही वाचून दाखवतात. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसायला लागल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तकांची पिशवीच घेऊन आल्या. तेव्हा इतिहास आता आमच्याकडेही आहे. बस आणि ऐक.

तुझ्या राजांचा तो जांभळा समुद्रातल्या गोगलगायींतून निघायचा. एका झग्यासाठी हजारोंनी मारायच्या, त्यांची एक गाठ काढायची आणि हौदात कुजत ठेवायची. अशी घाण सुटायची की रंगाऱ्यांना गावाबाहेर काढत. राजा त्या वासाचं कापड अंगावर घेऊन सिंहासनावर बसायचा आणि ज्याने ते रंगवलं त्याला वेशीच्या आत घ्यायचं नाही. झाला तुझा त्याग! फक्त तो राजाचा नव्हता.

ज्यांना गोगलगायी परवडत नव्हत्या त्यांनी दगडफुलातून जांभळा काढला. कसा, ते सांगू? शिळ्या मुतात आठवडे भिजवून. हे आईला सांगितलं तर ती गंभीरपणे म्हणाली, "चांगला पक्का बसत असेल." तिच्या लेखी इतिहासाला एवढाच प्रश्न विचारायचा असतो.

रोमचा एक बादशहा होता. त्याने हा रंग इतरांना बंद केला. एकदा त्याचं स्वतःचं गाणं चालू होतं, आणि ऐकायला बसलेल्या बायकांत एकीच्या अंगावर त्याला तो रंग दिसला. त्याने तिला ओढत बाहेर काढायला लावलं, अंगावरचं वस्त्र घेतलं आणि मालमत्ताही घेतली. जुन्या इतिहासकाराने तसं लिहून ठेवलंय. बाईंनी वाचून दाखवलं तेव्हा आईचे हात क्षणभर थांबले. "गाणं कसं होतं त्याचं?" तिने विचारलं.

"भिकार, असं म्हणतात."

"तरीच."

मग हा दिमाख उतरला कसा, तेही ऐक. अठरा वर्षांचा एक विद्यार्थी डांबराच्या गाळातून हिवतापाचं औषध बनवायला बसला होता. औषध झालंच नाही. भांडं धुताना त्यात जांभळा सापडला. काही वर्षांत तो रंग इतका स्वस्त झाला की रस्त्यावरची प्रत्येक बाई तो घालू लागली, आणि वर्तमानपत्रांनी त्याला साथीचा रोग म्हणून चिडवलं. पुढे मताचा हक्क मागायला बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांच्या पट्ट्यांवर जांभळा होता. म्हणजे तुझ्या मंडळाला ज्याची शान सांभाळायची आहे तो रंग केव्हाच वाड्यातून पळून गेलाय. तुम्ही रिकाम्या खोलीला कुलूप लावून पहारा देताय.

आणि आपल्या भाषेत तर त्याला राजाचं नावही नाही. फळाचं आहे. दगड मारून पाडायचं, धूळ पुसून तोंडात टाकायचं, फुकटचं फळ.

एका साम्राज्यात म्हणे राजपुत्र जन्माला यायचा तो जांभळ्या दगडाच्या खास दालनात, आणि आयुष्यभर 'जांभळ्यात जन्मलेला' म्हणून मिरवायचा. तसं पाहिलं तर तूही जांभळ्यातच जन्मलायस. आईला कळा सुरू झाल्या त्या मंजिष्ठेच्या लाल पातेल्यापाशी. सुईण येईपर्यंत तू आलास, आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून तुला झग्याच्या वाळत्या कापडात गुंडाळलं. तो तुकडा बाबांनी नंतर कापून जाळला, मंडळाला कळू नये म्हणून.

बाबांचं निघालंच आहे तर तेही लिहिते. तू ते चार पानांत कुठेही काढलं नाहीस, पण प्रत्येक पानाखाली तेच आहे. घाईच्या एका हिवाळ्यात बाबांनी नव्या झग्यांचा रंग दिव्याखाली जुळवला. दिव्याखाली अगदी अचूक जांभळा. सकाळी मंडळाच्या अंगणात उन्हात झगे उघडले तर सगळे निळे! नमुना उन्हातच जुळवायचा, हे शेंबडं पोरही जाणतं आपल्यात, पण त्या दिवशी चुकले. त्यांना पायरीवर उभं करून सगळ्यांसमोर माफी मागायला लावली. गठ्ठा धरून तू शेजारी उभा होतास. बाबा नाक मुठीत धरून बोलत होते आणि तू वरच्या पायरीवरच्या लोकांकडे बघत होतास, हे आईने पाहिलं. मला वाटतं त्याच दिवशी तू ठरवलंस की आपण वर उभं राहायचं. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वर चढल्यावर खालच्या पायरीला ओळख द्यायची की नाही, भांडण एवढ्याचंच आहे.

असो. तू लेखी हमी मागितली आहेस की आई जांभळं घालून येणार नाही. दारावर माणूस उभा असतो आणि तो परत पाठवेल, ती शोभा नको, असं म्हणतोस. बरोबर आहे. मग घे हमी: दारावरच्या माणसाला आईचा पोशाख निळा दिसेल. गडद निळा, सभ्य, तुझ्या सासुरवाडीला शोभेल असा. माझा शब्द आहे. मोजेही छान निळे झालेत, खिडकीत वाळताहेत.

हातमोजे मात्र ती घालणार नाही. त्याची हमी मागू नकोस.

तुझी ताई

*

१२ मे

धाकट्या,

काल रात्री तुझा निरोप आला, 'तू मला शब्द दिला होतास.' दिला होता आणि पाळलाही. दारावरच्या माणसाला विचार.

त्याच्या हातात रंगाची पट्टी होती! जांभळ्या कापडाचा तुकडा घेऊन तो येणाऱ्या प्रत्येक बाईच्या बाहीशी धरून बघत होता. एका बिचारीला वांगी रंगाच्या रुमालावरून परत फिरवलं. आईची पाळी आली. भर उन्हात त्याने तिच्या बाहीशी पट्टी लावली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "निळा. जा आजी, डावीकडे जिना आहे."

आम्ही जिना चढलो. तुमचं सभागृह मी पहिल्यांदाच पाहिलं. जाड पडदे, ऊन आत यायची सोय नाही, आणि वर ते पिवळ्या दिव्यांचं झुंबर, ज्याचं तू त्या चार पानांत पानभर वर्णन केलं होतंस. वर्णन उपयोगी पडलं. आई मधल्या रांगेत बसली आणि मागून कुणीतरी "अगबाई!" म्हणालं.

तू रंगाऱ्याचा मुलगा आहेस, तुला एव्हाना कळलं असेल. पण नीट सांगते, कारण मला त्यात मजा येतेय. आम्ही निळीच्या बुड्या वाढवल्या आणि मंजिष्ठ इतकी कमी ठेवली की उन्हात तिचा मागमूस लागू नये. पिवळ्या दिव्याखाली मात्र ती लाली वर येते आणि निळ्याचा जांभळा होतो. तुझ्या मोज्यांवर आम्ही हेच जुळवत होतो, खिडकीत एकदा आणि दिव्याखाली एकदा, महिनाभर. बाबांची चूक आम्ही मुद्दाम केली, आणि त्यांच्याहून चांगली केली.

आई कशी दिसत होती, तू मंचावरून पाहिलंच असशील. सगळी रांग मिळमिळीत रंगात, आणि मधे ती. मी तिच्या शेजारी बसून रडत होते. लाज म्हणून नाही. मला ती कधी इतकी देखणी वाटली नव्हती, आणि हे आम्हाला इतकी वर्षं कुणी करू दिलं नाही याचा राग अनावर झाला होता.

तुमचा व्यवस्थापक धावत आला. म्हणाला, "बाई, हा रंग इथे चालत नाही."

"चालतो की," आई म्हणाली. "आत्ता माझ्याबरोबर जिना चढून आला."

दोन रांगा हसल्या. तो लालबुंद होऊन मंचाकडे गेला. अध्यक्ष तुझ्या कानाशी लागले. आणि मग तू उतरलास.

शिपायाला पाठवलं असतंस तर मी म्हटलं असतं, मंडळाचं काम मंडळ करतंय. पण तू स्वतः आलास, हातात करडी शाल घेऊन. सगळं सभागृह बघत होतं. तू आईसमोर वाकलास आणि शाल तिच्या खांद्यावर घालायला लागलास. स्वतःच्या आईला झाकायला निघालेला मुलगा मी त्या दिवशी पाहिला, आणि तो माझा भाऊ होता.

आईने शाल तुझ्या हातातून काढून घेतली. शांतपणे चौघडी केली. खुर्चीवर ठेवली. आणि तिच्यावर बसली.

"लाकूड टोचत होतं," असं ती मला नंतर म्हणाली.

तू परत वर गेलास. शपथ घेतलीस. झगा चढला तेव्हा सगळ्यात आधी टाळी आईने वाजवली, उघड्या हातांनी, जोरात. ते तरी ऐकलंस ना?

बाहेर अंगणात आलो तर ती पुन्हा निळी! व्यवस्थापक उन्हात तिच्याकडे बघत तोंडात मारल्यासारखा उभा होता. अध्यक्षांची बायको मागून आली आणि हळूच विचारती झाली, असं कापड कुठे मिळतं.

तुझी ताई

*

२९ मे

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. मंडळाचा ठरावही मिळाला. आईने पुढच्या बैठकीला यावं, त्याच पायरीवर उभं राहून झाल्या प्रकाराबद्दल क्षमा मागावी, नाहीतर तुझा झगा परत घेतला जाईल आणि रंगशाळेचं कामही जाईल. त्याखाली तू लिहिलंस, 'ताई, दोन शब्दांचा प्रश्न आहे. आईला समजाव.'

आधी कामाचं. जाऊ दे. त्या कामाच्या जिवावर आपल्याला तीन पिढ्या भीती पुरवली त्यांनी. आता दारात कोण येतंय ते बघायला ये एकदा. दवाखान्यातली परिचारिका येऊन गेली, बसची वाहक येऊन गेली, शाळेतल्या दोघी तर एकत्रच आल्या. सगळ्यांना जांभळा हवाय, आणि दिवसाही जांभळाच दिसणारा. आई म्हणते, लपवाछपवीचा रंग एकदा पुरे झाला. पहिलं कापड तिने माझ्यासाठी काढलं. पणजोबांचा नियम मोडला आणि छप्पर काही कोसळलं नाही. ते घालून मी बाजारात जाऊन आले.

आता झग्याचं. माफी आई मागणार नाही. ठराव तिने पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, "त्या पायरीवर आमच्या घरातलं एक माणूस उभं राहून आलं. तेवढं पुष्कळ." पुन्हा पातेल्याकडे वळली.

मी तिथेच थांबणार होते. तुला आणखी चार शब्द सुनवून पाकीट चिकटवणार होते. पण सोहळ्यापासून आई काम करताना मधेच हसते आणि मला त्याचा त्रास व्हायला लागला होता. आज मी चिडून म्हटलं, "भरल्या सभेत तुला झाकायला शाल घेऊन आला तो. आणि तुला हसू येतंय?"

ती कापड पिळत होती. म्हणाली, "शाल सगळ्यांना दिसली."

"मग?"

"वाकला तेव्हा माझ्या कानात बोलला. ते कुणाला ऐकू आलं नाही."

"काय बोलला?"

तिने पीळ सोडला, कापड झटकलं, दोरीवर टाकलं. मुद्दाम वेळ लावला, ओळखते मी तिला. मग म्हणाली, "'आई, छान दिसतेस.'"

मी हौदाच्या काठावर बसले. मला तुझा जितका राग आजवर आला नव्हता तितका तेव्हा आला. म्हणजे तुला दिसलं होतं! मी समजत होते की तुला लाज वाटली, तुला आई डोळ्यांत खुपली. तसं असतं तर सोपं होतं, मी तुला मनातून पुसून टाकलं असतं. पण तुला ती छान दिसली. सगळ्या सभागृहात ते ओळखणारा कदाचित तू एकटाच होतास, आणि हातात शाल धरून ते तू तिच्या कानात सांगितलंस. आई त्या दोन शब्दांवर तीन आठवडे जगते आहे, वेडी. मी तिच्यासारखी नाही. मला तेवढं पुरत नाही.

तेव्हा बैठकीला तू जा. आई येणार नाही, मीही येणार नाही. झगा घालून जा की घडी करून हातात घेऊन जा, ते तुझं तू ठरव. अध्यक्ष विचारतील, त्या बाईच्या वतीने तुम्हाला काय म्हणायचं आहे. खाकरू नकोस, खाली बघू नकोस. उभा राहा आणि 'ती माझी आई आहे' इथून सुरुवात कर. मग जे तिच्या कानात म्हणालास ते म्हण. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हण.

तुझी ताई